पाय कुणाचे, चेहरा कुणाचा

'द अननोन' हा १९२७ सालचा हॉलिवूडचा मूकपट आहे. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, नट लॉन चेनी. गोष्ट स्पेनमधल्या एका सर्कशीत घडते. अलोन्झो हा हात नसलेला माणूस पायांनी सुऱ्या फेकतो, पायांनी बंदूक चालवतो, पायांनीच सिगारेट शिलगावतो. ज्या पोरीच्या आजूबाजूला त्या सुऱ्या रुततात ती नॅनन, म्हणजे तेव्हा नवखी असलेली जोन क्रॉफर्ड, पुरुषांच्या हातांना इतकी विटलेली आहे की कुणाचा हात लागला तरी ती शहारते. म्हणूनच तिला अलोन्झोजवळ बरं वाटतं.

पण अलोन्झोला हात आहेत. पोलिसांपासून लपायला त्यानं ते अंगाला करकचून आवळून बांधलेत. त्याच्या एका हाताला दोन अंगठे आहेत, आणि त्याच हातानं त्यानं नॅननच्या बापाचा गळा दाबलाय. तिनं तो हात पाहिलाय, माणूस पाहिलेला नाही. ती आपली व्हावी आणि हाताचं गुपितही कायमचं गाडलं जावं म्हणून तो एका डॉक्टरला धमकावतो आणि दोन्ही हात खरोखर कापून घेतो. बरा होऊन परत येतो तर तिची भीती गेलेली, आणि ती सर्कशीतल्या पहिलवानाच्या मिठीत.

या जागी चेनी जे करतो ते पाहण्यासाठी हा सिनेमा शोधून पाहावा. तो हसायला लागतो. त्याच्या हसण्यानं ते दोघंही हसतात, त्यांना वाटतं हा आपल्यासाठी खूश झालाय. हसता हसता त्याचा चेहरा फाटत जातो, आणि हसणं कुठं संपलं, रडणं कुठं सुरू झालं ते सांगता येत नाही. तोंडाला रंगाचं थापटं नाही, कुबड नाही, खोटे दात नाहीत. नुसता चेहरा. चेनीचे आईबाप दोघंही मूकबधिर होते. घरात बोलायचं तर हातांनी आणि चेहऱ्यानं, हे त्यानं लहानपणीच शिकून घेतलं होतं. या सिनेमात हात बांधलेले, म्हणून सगळं चेहऱ्यावर आलं.

हा सिनेमा मी नायगावात, रात्री, लाईट गेल्यावर, मोबाईलवर पाहिला. शेजारी आत्याचा मुलगा होता. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळला. प्रमाणपत्रावर तो दिव्यांग आहे, पारावर लंगड्या. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हातारा, भूत किंवा कुबडी मंथरा असं काही सोंग आलं की सरांची नजर आपोआप त्याच्याकडं वळायची. मेकअपचा खर्च वाचायचा म्हणा ना. राम किंवा शिवाजी त्याला कुणी कधी केला नाही. मी त्याला चेनीच्या त्या हसण्याबद्दल सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "ते राहू दे. ते पाय कुणाचे हायत?"

मला आधी कळलंच नाही. "चेनीचेच की."

"न्हाई. मागं घे बरं. बग, सिगारेट पेटवताना चेहरा अन् पाय किती खुबीनं जुळवलेत. वरचा माणूस येगळा, खालचा येगळा. असे पाय चालवायला जलम जातो बाबा."

दादाचं बरोबर होतं. बऱ्याच दृश्यांतले पाय पॉल डेस्म्यूक नावाच्या माणसाचे आहेत. तो टेक्सासचा, जन्मापासून हात नसलेला. सुऱ्या तो खरोखर फेकायचा. कॅमेऱ्याच्या चौकटीत चेनीचं धड आणि डेस्म्यूकचे पाय असे बसवलेत की एकच माणूस दिसावा. पडद्यावरच्या नामावलीत डेस्म्यूकचं नाव नाही. हे वाचून दाखवल्यावर दादा म्हणाला, "कामून नाय लिहिलं? अर्धा सिनेमा तर त्येनंच केलाय." मग कूस बदलून झोपला.

सुरुवातीच्या हॉलिवूड भयपटांवर आपण नेहमी चेहऱ्यांच्या बाजूनं बोलतो. 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधला (१९२३) चेनीचा कुबड्या, 'फँटम ऑफ द ऑपेरा'मधलं (१९२५) मुखवट्याखालचं कवटीसारखं तोंड, 'फ्रँकेनस्टाइन'मध्ये (१९३१) जॅक पिअर्सनं बोरिस कार्लोफला दिलेलं सपाट कपाळ. हे सगळं थोर आहे, वाद नाही. काळही तसाच होता. पहिल्या महायुद्धातून जबडे उडालेले, हातपाय गेलेले हजारो लोक घरी परतले होते. 'फ्रँकेनस्टाइन'चा दिग्दर्शक जेम्स व्हेल स्वतः त्या युद्धात लढला होता, जर्मनांच्या कैदेत राहिला होता. मोडक्या शरीरांची भीती स्टुडिओत बसून कुणी शोधून काढली नव्हती, ती गल्लीत चालत होती. पण दादाचा प्रश्न विचारला की हे सगळे सिनेमे दोन ढिगांत पडतात. एका ढिगात धडधाकट नट मोडक्या शरीराचं सोंग घेतो आणि आपण त्याच्या कलेला दाद देतो. दुसऱ्या ढिगात ज्याचं शरीर आहे तोच पडद्यावर येतो. हा दुसरा ढीग फार लहान आहे, आणि त्याच्या माथ्यावर एकच सिनेमा आहे.

तो 'फ्रीक्स', १९३२. दिग्दर्शक पुन्हा ब्राउनिंगच. हा माणूस पोरवयात घर सोडून सर्कशीबरोबर गेला होता, त्यामुळं तंबूच्या मागची बाजू त्याला ठाऊक होती. आदल्या वर्षी त्याच्या 'ड्रॅक्युला'नं गल्ला भरला होता. एमजीएम या श्रीमंत स्टुडिओला आता त्याहून भयंकर काहीतरी हवं होतं. ब्राउनिंगनं जत्रेत तिकीट लावून दाखवली जाणारी खरी माणसं आणली. बुटकी भावंडं हॅरी आणि डेझी अर्ल्स, कमरेखाली शरीर नसलेला जॉनी एक, हातपाय नसलेला प्रिन्स रँडियन, जुळून जन्मलेल्या हिल्टन बहिणी.

खरी भयकथा तर स्टुडिओच्या कँटीनमध्ये घडली. या लोकांसोबत जेवताना आम्हाला किळस येते अशी तक्रार स्टुडिओतल्या इतर लोकांनी केली, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची जेवायची सोय बाहेर, वेगळी करण्यात आली. अमेरिकन समीक्षक हा किस्सा चवीनं सांगतात आणि पुढं जातात. मराठवाड्यातल्या माणसाला तसं पुढं जाता येत नाही. वेगळी पंगत आणि वेगळी कपबशी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, आपापल्या आज्यांना विचारलं तरी पुरे. 'फ्रीक्स' बघताना म्हणूनच आपल्याला असं काही दिसतं, जे तिकडच्या प्रेक्षकाला कदाचित तितक्या चटकन दिसत नसेल. सिनेमाच्या मधोमध एक पंगत आहे. झुल्यावरची देखणी क्लिओपात्रा पैशांवर डोळा ठेवून बुटक्या हान्सशी लग्न करते. लग्नाच्या जेवणात एक बुटका मोठा पेला घेऊन टेबलावरून चालत येतो. प्रत्येकाला एक घोट. मग तो पेला नवरीपुढं धरतो. अर्थ साधा आहे: आमच्या भांड्यातलं पी, आमची हो. तिच्या तोंडावर किळस येते, ती किंचाळते, शिव्या देते आणि दारू त्याच्याच अंगावर फेकते. भांडं बाटलं म्हणतात ना, तसंच.

स्टुडिओनं ज्यांना वेगळं बसवलं त्यांनाच पडद्यावर यजमान केलं, आणि बाटल्यासारखं वागणारी बाई सुंदर ठेवली. तोवर कॅमेरा यांच्याकडं भुतासारखं बघतच नाही. रँडियन तोंडानं काडेपेटी उघडून सिगारेट पेटवतो, आणि समोरचा कलाकार आपल्याच नव्या खेळाच्या गप्पा हाणत राहतो, त्याचं लक्षही नाही. धुणं वाळत घालणं, बाळाचं कौतुक, प्रेमातली भांडणं. 'द अननोन'मध्ये डेस्म्यूकचे पाय चेनीच्या चेहऱ्याखाली लपवावे लागले होते, इथं लपवालपवी नाही. पाच वर्षांत ब्राउनिंग केवढा रस्ता चालून आला होता.

आणि शेवटी त्यानंच माती केली. क्लिओपात्रा हान्सला विष देते आहे हे कळल्यावर ही सगळी मंडळी वादळी रात्री, चिखलातून, गाड्यांखालून, हातात सुरे घेऊन सरपटत येतात. विजेच्या लखलखाटात आपण तासभर ओळखीची झालेली माणसं पुन्हा किडामुंगीसारखी दिसतात. दृश्य म्हणून ते जबरदस्त आहे, अंगावर काटा येतो. पण तो काटा जत्रेतल्या तंबूचाच आहे, दोन पैसे देऊन आत डोकावणाऱ्याचा. अनेक जाणकार या शेवटाला न्याय म्हणतात, दुबळ्यांचा सूड म्हणतात. मला तो घाबरलेल्या दिग्दर्शकाचा शेवट वाटतो. भयपट विकायचाय तर कुणीतरी भयंकर दिसलं पाहिजे, आणि अशा वेळी त्याची नजर पुन्हा त्याच माणसांवर गेली, आमच्या सरांची दादावर जायची तशी. त्यातल्या दाढीवाल्या बाईनं, ऑल्गा रॉडरिकनं, पुढं या सिनेमात काम केल्याचा पस्तावा बोलून दाखवला होता. तेही या सिनेमाचं परीक्षणच धरायला हवं.

सिनेमा पडला. जवळजवळ दीड तासाचा होता तो कापून चौसष्ट मिनिटांचा केला, इंग्लंडमध्ये तीस वर्षं बंदी राहिली, ब्राउनिंगची पत गेली ती गेलीच. १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडनं स्वतःची नियमावली कडक केली आणि असलं काही करायची सोय संपली.

आता त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं ते पाहू. कारण 'हे सगळं तिकडचं, आपल्याकडं कुठं होता भयपट' असं म्हणणारे बरेच भेटतात.

आपल्याकडं होता, फक्त त्याच्यावर तशी पाटी नव्हती. तो पुराणात राहायचा. १९२०च्या 'सैरंध्री'त कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी भीमाकडून कीचकाचा वध इतका हुबेहूब दाखवला, की थिएटरात बायका घाबरून गेल्या आणि ते दृश्य सेन्सॉरनं कापायला लावलं असं सांगतात. टिळकांनी याच सिनेमावरून पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्याआधी खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर इंग्रजांनी १९१० साली बंदी घातली होती, कारण लोकांना कीचकात कर्झन दिसत होता. एकाच मढ्यावर दोनदा कात्री चालली, एकदा राजकारणाची आणि एकदा किळसेची. गंमत अशी की महाभारतातला कीचकाचा शेवट सिनेमाला झेपणारच नाही असा आहे. भीम त्याचे हातपाय, मुंडकं सगळं धडात कोंबून मांसाचा गोळा करून ठेवतो. हे आपण कीर्तनात मांडी घालून, लेकराला मांडीवर घेऊन ऐकत आलोय. आमच्याच नांदेड जिल्ह्यात माहूरला रेणुकामाता आहे. तिथं मूर्ती म्हणजे नुसतं मुख. मुलानं बापाच्या हुकमावरून आईचं डोकं उडवल्याची कथा सगळ्यांना पाठ, आणि त्याच मुखाला लोक तांबूल देतात, ओटी भरतात. आपल्याला बीभत्सामुळं झोप लागत नाही असं नाही. आपण त्याला कुंकू लावून घरात घेतो. पडद्यावरचं मुंडकं आणि देव्हाऱ्यातलं मुख यांत फरक एवढाच, की पडद्यावर आपल्याला हात जोडायची सोय नसते.

पेंटरांच्याच 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) तर पुराणही नव्हतं. ज्यांनी तो मूकपट पाहिला त्यांच्या आठवणीत काळोखातली झोपडी आणि रडणारं कुत्रं राहिलं. शेतकरी, कर्ज, गेलेली जमीन. यात भुताची गरजच नाही, आणि का नाही हे आमच्या भागात फोड करून सांगावं लागत नाही.

पण या लेखात मला जिथं यायचं होतं तो सिनेमा 'अमृतमंथन', १९३४. प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यात आल्यावरचा हा पहिला चित्रपट. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तोच स्टुडिओ. व्ही. शांताराम नुकतेच जर्मनीहून परतले होते. गेले होते बोलपट 'सैरंध्री'च्या रंगीत प्रिंटा काढायला. तो रंग काही जमला नाही, पण तिथल्या स्टुडिओंमधलं काळोख आणि उजेडाचं काम डोळ्यांत भरून घेऊन आले, आणि दूरचं जवळ आणणारं भिंगही. गोष्ट ना. ह. आपट्यांच्या 'भाग्यश्री' कादंबरीवरची. राजा क्रांतिवर्मा देवीपुढचे पशुबळी आणि नरबळी बंद करतो. राजगुरूला ते सहन होत नाही. तो रात्री आपल्या भक्तांची बैठक घेतो आणि राजालाच मारायचं ठरवतो.

ती बैठक म्हणजे सिनेमाची सुरुवात. मशालींचा उजेड, उगारलेलं हत्यार, भिंतींवर माणसांपेक्षा मोठ्या सावल्या. आणि मग एक डोळा. अख्ख्या पडद्यावर राजगुरूचा एकच डोळा. मराठीत राजगुरू केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. चंद्रमोहनचा हा पहिलाच सिनेमा आणि त्याचे डोळे घारे, त्यामुळं हिंदीतला तो डोळा जास्त गाजला.

राजगुरूचं शरीर बघा. त्याला कुबड नाही, तो लंगडत नाही, तोंड भाजलेलं नाही, एका हाताला दोन अंगठे नाहीत. ज्याच्या पाया पडावं असा रुबाबदार माणूस आहे, आणि लोक पाया पडतातही. शांताराम चेहऱ्याला काहीही चिकटवत नाहीत, फक्त भिंग जवळ नेतात. ज्या डोळ्याकडं आपण एरवी मान खाली घालून बघतो, तो इतका जवळ आणला की त्याचा ओलावा, शिरा, पापणीची हालचाल दिसायला लागते आणि किळस सुरू होते. बीभत्स त्या डोळ्यात नव्हताच, तो अंतर मोडल्यामुळं तयार झाला. हॉलिवूडचा कॅमेरा त्या काळात जत्रेतल्या तंबूत, पडक्या किल्ल्यात, प्रयोगशाळेत राक्षस शोधत होता, म्हणजे गावाबाहेर. प्रभातचा कॅमेरा गाभाऱ्यात गेला. ज्याची पंगत सगळ्यात आधी बसते, त्याच्याच डोळ्यात शिरला.

यावर एक आक्षेप येईल तो रास्त आहे. 'अमृतमंथन' काही भयपट म्हणून बनलेला नाही. सुरुवातीनंतर तो बराच वेळ गाण्यांमध्ये आणि प्रेमप्रकरणात रमतो, संवाद नाटकी आहेत, आणि बळी बंद करणारा राजा इतका सज्जन आहे की त्याच्याविषयी काही वाटतच नाही. आजच्या सवयीनं बघणारा माणूस मध्येच स्क्रोल करेल. करा. पण तो डोळा आणि ती सभा बघून मग करा. आपल्या रीलवर रोज पांढरी साडी, मोकळे केस आणि कर्कश आवाज म्हणजे भूत असतं, त्यातल्या एकाही भुतानं मला त्या डोळ्याइतकं अस्वस्थ केलेलं नाही. कारण तसे डोळे मी पाहिलेत, उजेडात, व्यासपीठावर, हार घातलेले.

वाईट याचं वाटतं की हा धडा आपल्या सिनेमानं पुढं गिरवला नाही. टीव्हीवरची मंथरा वाकलेलीच राहिली, शकुनी लंगडतच आला, खलनायकाचा एक डोळा काचेचाच राहिला, आणि बोबडं बोलणारा, तोतरा, बुटका विनोदासाठी राखून ठेवला. गावातल्या गॅदरिंगला हा अभ्यासक्रम तिथूनच पुरवला जातो. 'फ्रीक्स'चा शेवट आपण उचलला, पंगत नाही उचलली.

एक अपवाद मला सापडतो आणि तोही सरळ नाही. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी, पण मूळ मराठी: नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, आजीची कल्पना नारायण धारपांच्या कथेतून. साखळीनं बांधलेली म्हातारी बघून थिएटरात लोक ओरडले होते. तिचं ते अंग हावेचं फळ आहे, म्हणजे पुन्हा तोच जुना हिशेब, पाप शरीरावर उगवलं. इथवर चेनीचंच घराणं. पण नायक विनायकचा मुलगा पांडुरंग पायानं लंगडतो, आणि सिनेमा त्याच्या पायातून काहीच काढत नाही. ना दया, ना शाप. बापाइतकाच तोही हावरा आहे, विहिरीत उतरायचा सराव करतो, बापापुढं जायला बघतो. शेवटी मात्र बाप सोन्याची पोटली पुढं करतो तेव्हा ती नाकारणारा हाच आहे, आणि बापाला आग लावणाराही.

पांडुरंगाचं काम मोहम्मद समद या मुलानं केलंय. ती साखळीतली म्हातारीही त्यानंच केली आहे. मेकअपच्या थराखाली तो आहे हे कळल्यावर मी सिनेमा पुन्हा पाहिला, फक्त पाय बघत. म्हातारीचे आणि पोराचे. पोराचं लंगडणं चांगलं आहे, मेहनतीनं केलेलं आहे, आणि ते सोंग आहे.